मायक्रोवेव्हने प्रक्रिया वेगवान कशी करायची: द्राक्षकाडी घेऊन एक पूर्ण प्रयोग

एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडे खरड छाटणी आटोपली की बांधाबांधावर काड्यांचे ढीग लागतात. काही शेतकरी त्या श्रेडरमध्ये घालून बागेतच आच्छादन करतात, बरेच जण अजूनही पेटवून देतात. बायोटेकच्या विद्यार्थ्याला यापेक्षा स्वस्त कच्चा माल मिळणार नाही. काडीत सेल्युलोज आहे, त्याची साखर करता येते आणि साखरेपासून पुढे इथेनॉल किंवा लॅक्टिक आम्ल. अडचण एवढीच, की सेल्युलोजभोवती लिग्निन या चिवट द्रव्याचं कवच असतं आणि ते सैल केल्याशिवाय एन्झाइम आत शिरत नाही. कवच सैल करायचं तर अल्कली किंवा आम्लात शिजवावं लागतं. हे शिजवणं मायक्रोवेव्हमध्ये केलं तर तासांचं काम मिनिटांत होतं, असं जवळपास प्रत्येक शोधनिबंध सांगतो.

ते खरं आहे, पण कशामुळे खरं आहे हे बहुतेक प्रोजेक्ट रिपोर्टांत चुकीचं लिहिलेलं असतं. म्हणून आधी थोडं त्याबद्दल, मग हाताने करायचं काम.

ओव्हनमध्ये नेमकं काय होतं

घरगुती ओव्हन आणि प्रयोगशाळेतलं यंत्र, दोन्ही साधारण 2.45 गिगाहर्ट्झवर चालतात. म्हणजे विद्युतक्षेत्राची सेकंदाला 245 कोटी आवर्तनं. पाण्यासारखे ध्रुवीय रेणू या क्षेत्रामागे फिरायला बघतात, पुरते जमत नाही, मागे पडतात आणि त्या ओढाताणीतून उष्णता तयार होते. द्रावणात आयन असतील तर ते पुढेमागे धावून आणखी उष्णता करतात. 2.45 ही पाण्याची अनुनाद (रेझोनन्स) वारंवारता आहे, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. तसं काही नाही. साध्या तापमानाला पाण्याचं शोषण सर्वाधिक होतं ते याच्या कितीतरी पट वरच्या वारंवारतेला. 2.45 वापरतात कारण तो पट्टा अशा कामासाठी राखून ठेवलेला आहे आणि त्या लहरी पदार्थात दोन-एक सेंटिमीटर आत तरी जातात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या लहरींच्या एक मोल फोटॉनांची ऊर्जा मोजली तर ती जेमतेम 1 ज्यूल भरते. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे साडेतीन लाख ज्यूल लागतात. त्यामुळे ‘मायक्रोवेव्ह बंध तोडतात’ हे वाक्य रिपोर्टात दिसलं की परीक्षकाने लाल पेन उचलायला हरकत नाही. मायक्रोवेव्ह तापवतात, आणि झटपट तापवतात. प्रक्रिया वेगाने होते ती त्या तापमानामुळे.

1986 मध्ये कॅनडातल्या एका गटाने आणि अमेरिकेतल्या एका गटाने, एकमेकांशी संबंध नसताना, घरगुती ओव्हनमध्ये सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या प्रक्रिया कितीतरी पट वेगाने होतात हे दाखवलं. पुढे बरीच वर्षं ‘उष्णतेपलीकडचा’ काही खास परिणाम आहे का यावर वाद चालला. ऑस्ट्रियात ग्राझ इथले ऑलिव्हर काप्पे आणि सहकाऱ्यांनी 2009 च्या सुमारास एक साधी युक्ती केली. काचेच्या नळीऐवजी सिलिकॉन कार्बाइडची नळी घेतली. हे द्रव्य मायक्रोवेव्ह स्वतः शोषून तापतं आणि आतल्या मिश्रणापर्यंत लहरी जवळपास पोचूच देत नाही. तापमान तेच ठेवलं तर निकाल जवळजवळ सारखेच आले. लहरी आत असोत वा नसोत, काम उष्णतेनेच केलं होतं.

आता वेगाचं गणित. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की वेग अंदाजे दुप्पट, हा ढोबळ नियम धरा. 98 अंशांवरून 158 अंशांवर गेलात तर सहा वेळा दुप्पट, म्हणजे 64 पट. आठ तासांचं काम साडेसात मिनिटांत. सारी करामत एवढीच. मात्र 158 अंशांना पाणी द्रव ठेवायचं तर भांडं बंद हवं आणि आत सुमारे 6 बारचा दाब सोसायला हवा. प्रयोगशाळेचं यंत्र हे मुळात प्रेशर कुकरच आहे. फक्त आचेऐवजी मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग) आणि शिट्टीऐवजी दाबाचा सेन्सर.

98 अंश मी सहज लिहिलेलं नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर आहे. इथे पाणी 100 ला नाही, 98 च्या आसपास उकळतं. ‘उकळत्या वॉटर बाथमध्ये, 100 अंशांना’ असं मुंबईच्या पुस्तकातून उतरवून घेऊ नका. थर्मामीटर घाला, जे दिसेल ते लिहा.

कोणता ओव्हन, आणि त्यात काय कधीच करायचं नाही

कॉलेजमध्ये खास यंत्र असेल तर उत्तम: आत ढवळणी, तापमान व दाबाचा सेन्सर, जाड काचेच्या नळ्या. अंबड-सातपूरच्या औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत ते दिसतं, बहुतेक पदवी महाविद्यालयांत नसतं. मग उरतो घरगुती ओव्हन. तो वापरता येतो, पण त्याची मर्यादा मान्य करून: उघडं भांडं, पाण्याचं द्रावण, उकळबिंदूच्या खाली. एवढ्यात बसेल तेच काम.

घरगुती ओव्हनमध्ये बाटलीचं झाकण घट्ट लावून काही ठेवू नका, पातळ काचेचं भांडं तर नाहीच. इथेनॉल, अॅसिटोन, हेक्झेन, इथाइल अॅसिटेट आत जाता कामा नयेत. आतली हवा बाहेर टाकणारा पंखा, दिवा आणि स्विच यांत ठिणगी होते आणि वाफ पेटते. कोरडी काडीपूडही नको. ती एका ठिकाणी काळी पडली की तो कोळसा भराभर लहरी शोषतो, आणखी तापतो आणि पेट घेतो. पाऱ्याचा थर्मामीटर, फॉइल, स्टेपल मारलेलं लेबल यातलं काहीही ओव्हन चालू असताना आत नको. आणि एकदा का ओव्हन प्रयोगशाळेत आला, की त्यात कुणी चहा गरम करायचा नाही. दारावर तसं मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा; नाहीतर संध्याकाळी कुणीतरी कप घेऊन येतंच.

दाराची रबरी कड, बिजागरी आणि जाळी तपासा. दार नीट बसत नसेल तर तो ओव्हन भंगारात द्या.

आधी ओव्हन ओळखून घ्या

हा भाग विद्यार्थी टाळतात आणि पुढे सगळं बिघडतं ते इथूनच. ‘600 वॅट, 2 मिनिटं’ या आकड्यांना स्वतःहून काही अर्थ नाही. तुमच्या ओव्हनची खरी ताकद, द्रावणाचं आकारमान, सुरुवातीचं तापमान यावर सगळं ठरतं. जानेवारीत निफाडचा पारा खाली उतरतो तेव्हा टाकीतलं पाणी एक असतं आणि एप्रिलच्या दुपारी दुसरंच. तेच दोन मिनिटांचं बटण दाबून दोन वेगळी तापमानं मिळतात.

मोठ्या बीकरमध्ये 1000 ग्रॅम पाणी घ्या, तापमान मोजा, पूर्ण ताकदीवर 120 सेकंद चालवा, बाहेर काढून लगेच ढवळा आणि पुन्हा मोजा. समजा 24 अंशांवरून 43 वर गेलं. वाढ 19 अंश. ताकद म्हणजे वजन गुणिले 4.186 गुणिले तापमानवाढ भागिले सेकंद: 1000 × 4.186 × 19 ÷ 120, म्हणजे सुमारे 663 वॅट. ओव्हनवर 800 लिहिलेलं असलं तरी तुमचा आकडा 663. ओव्हन गार होऊ द्या आणि पुन्हा मोजा; सलग चालवल्यावर मॅग्नेट्रॉन तापतो आणि ताकद थोडी घटते. दुपारी व्होल्टेज उतरलेलं असतानाही फरक पडतो, म्हणून वेळ नोंदवा.

मग तुमच्या प्रयोगाइतकंच द्रावण, म्हणजे 100 मिलिलिटर, प्रयोगात वापरायच्या बीकरमध्ये घेऊन हेच 30 सेकंदांसाठी करा. लहान आकारमान सगळी ऊर्जा शोषू शकत नाही, त्यामुळे इथे आकडा कमी येतो. समजा 22 वरून 60 अंश झाले, तर 100 × 4.186 × 38 ÷ 30, म्हणजे सुमारे 530 वॅट. प्रयोगासाठी वापरायचा तो हा आकडा, लिटरवाला नाही.

आता ‘40 टक्के’ बटणाचं बघा. जुन्या पद्धतीच्या ओव्हनमध्ये ताकद कमी होत नाही, मॅग्नेट्रॉन चालू-बंद होतो. कान देऊन ऐका: घूंऽऽ असा भारी आवाज येतो, आतला दिवा किंचित मंद होतो, मग आवाज हलका होतो आणि नुसता पंखा ऐकू येतो. हे दोन टप्पे घड्याळ लावून मोजा. समजा 10 सेकंद चालू आणि 15 बंद. त्या 10 सेकंदांत 530 वॅटने 100 मिलिलिटर द्रावण जवळजवळ 13 अंशांनी चढतं. तुम्हाला वाटतं सौम्य आच चालू आहे, प्रत्यक्षात तापमान उड्या मारत असतं. एन्झाइमच्या कामाला हे अजिबात चालत नाही. इन्व्हर्टर पद्धतीचा ओव्हन असेल तर ताकद खरोखर कमी होते. विकत घ्यायचाच असेल तर तोच घ्या.

पापडाचा नकाशा

आतल्या लहरींची लांबी सुमारे 12.2 सेंटिमीटर. भिंतींवरून उलटून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि काही जागा फार तापतात, काही जवळपास थंड राहतात. हे डोळ्यांनी बघायचं तर उडदाचे कच्चे पापड आणा. फिरती तबकडी काढून घ्या, खालच्या चकतीवर उपडी काचेची ताटली ठेवून तळ सपाट करा, त्यावर जाड पुठ्ठा आणि पुठ्ठाभर पापड. पूर्ण ताकदीवर 20 ते 30 सेकंद. काचेतून बघत राहा. पहिला पांढरा फोड एकाच जागी येतो, मग सहा-एक सेंटिमीटरवर दुसरा, आणि मधला पट्टा तसाच पिवळट, कच्चा. कडेला जळका वास यायच्या आत बंद करा. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने फुललेल्या जागा आखून घ्या.

आता कळेल, की तबकडीच्या मधोमध बीकर ठेवणं नेहमीच शहाणपणाचं का नसतं. मध्यबिंदू थंड असेल तर तिथे ठेवलेलं भांडं फिरूनही तिथेच राहतं. बीकर बाजूला ठेवा, म्हणजे तो गरम-थंड जागांतून फिरत राहील. जागा एकदा ठरवली की तबकडीवर मार्करने गोल काढा आणि प्रत्येक वेळी तिथेच ठेवा. आत पाणी ठेवल्यावर नकाशा थोडा बदलतो, हे मात्र लक्षात असू द्या. आणि हे पापड खायचे नाहीत, ओव्हन आधी रसायनांसाठी वापरलेला असेल तर मुळीच नाहीत.

काडीची तयारी

बागायतदाराला विचारा, शेवटची फवारणी कधी आणि कशाची. बोर्डो मिश्रणातलं तांबं सालीवर निळसर राहतं आणि तांब्याचे आयन बऱ्याच एन्झाइमांना नडतात. काड्या नळाखाली घासून धुवा, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने. सिकेटरने बोटभर तुकडे करा, 60 अंशांच्या हॉट एअर ओव्हनमध्ये (मायक्रोवेव्हमध्ये नव्हे) वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, दळा आणि 1 मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. चाळणीवर सालीचे धागे उरतात. ते फेकून दिलेत तर नमुना बदलतो, म्हणून परत दळा. सगळी पूड एकाच डब्यात नीट मिसळा. एका प्रयोगाला एका बागेची काडी आणि दुसऱ्याला दुसऱ्या बागेची, असं नको.

पूड किती ओली आहे ते वेगळं मोजा: 2 ग्रॅम 105 अंशांना रात्रभर. पुढचे सगळे हिशेब कोरड्या वजनावर.

शिजवणं, चार भांड्यांत

प्रयोगाची किंमत या चार भांड्यांत आहे. एकटा मायक्रोवेव्हचा निकाल काहीच सांगत नाही. तुलना कशाशी हे ठरलेलं हवं.

पहिलं भांडं बिनशिजवलेलं: 5 ग्रॅम पूड, 100 मिलिलिटर पाणी, साध्या तापमानाला. दुसरं हॉटप्लेट किंवा उकळत्या वॉटर बाथवर. तिसरं ऑटोक्लेव्हमध्ये, 121 अंश, 15 पीएसआय, 15 मिनिटं. चौथं मायक्रोवेव्हमध्ये. शेवटच्या तिन्हींत 5 ग्रॅम पूड आणि 1 टक्का सोडियम हायड्रॉक्साइडचं 100 मिलिलिटर द्रावण. प्रत्येकाच्या तीन प्रती.

मायक्रोवेव्हसाठी 500 मिलिलिटरचा रुंद तोंडाचा बोरोसिलिकेट बीकर घ्या. 100 मिलिलिटरला एवढा मोठा कशाला, असं वाटेल. उकळी जवळ आली की काडीचा फेस दुधासारखा वर येतो, तेव्हा कळतं. वर घड्याळकाच (वॉच ग्लास) सैल ठेवा, आत दोन-तीन उकळदाणे टाका. उकळदाणे नसतील तर द्रावण न उकळताच उकळबिंदूच्या वर जाऊ शकतं आणि काचेची कांडी घातली की सगळं एकदम उसळतं. गरम अल्कली डोळ्यात गेली तर नजर जाऊ शकते. गॉगल, हातमोजे, अॅप्रन, आणि बीकर काढताना चेहरा दाराच्या रेषेत नको.

बीकरचं वजन नोंदवून सुरुवात करा. 100 ग्रॅम द्रावण 25 वरून 95 अंशांना न्यायला सुमारे 29,300 ज्यूल लागतात. 530 वॅटने हे 55 सेकंदांचं काम. पण 55 सेकंद सलग चालवू नका. 20, मग ढवळा व मोजा. 15, पुन्हा ढवळा व मोजा. मग 10-10 सेकंद. ओव्हन बंद झाल्यावर डिजिटल थर्मामीटरचा प्रोब घालायचा, आधी ढवळून. न ढवळता मोजलं तर वरचा थर आणि तळ यांत चांगला फरक सापडतो. 90 अंश ओलांडले की घड्याळ सुरू करा आणि पुढची 10 मिनिटं तापमान 90 ते 95 मध्ये ठेवा. तापमान 90 कडे उतरलं की 5 सेकंद चालवा, त्याहून जास्त नाही. दर वेळी तापमान आणि वेळ वहीत. हात जरा अवघडतो, पण दुसऱ्या प्रतीपासून लय सापडते.

शेवटी बीकर पुन्हा तोला. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी वाफ झालं. म्हणजे अल्कली तेवढी तीव्र झाली. घट 5 ग्रॅमच्या वर जायला लागली तर मध्येच गरम डिस्टिल्ड पाणी घालून भरून काढा, आणि हॉटप्लेटवरच्या भांड्यालाही हाच नियम लावा.

आता हॉटप्लेटचं भांडं. इथे बहुतेक तुलना फसतात. हॉटप्लेटला 90 अंशांपर्यंत पोचायलाच आठ-दहा मिनिटं लागतात. ‘दोन्हीकडे एकूण 12 मिनिटं’ असं धरलं तर हॉटप्लेटच्या वाट्याला गरम वेळ जेमतेम दोन-चार मिनिटांचा येतो आणि मायक्रोवेव्ह जिंकल्यासारखा दिसतो. तुलना करायची ती 90 अंशांच्या वरच्या वेळेची. दोन्हीकडे 10 मिनिटं, सारखंच ढवळणं, सारखाच बीकर. असं केलंत तर उघड्या भांड्यात दोन्हींचे निकाल बरेच जवळ यायला हवेत. मोठा फरक आला तर आधी थर्मामीटरवर, ढवळण्यावर आणि वाफ झालेल्या पाण्यावर संशय घ्या. नव्या शोधावर सगळ्यात शेवटी.

मग मायक्रोवेव्हचा फायदा काय? घरगुती ओव्हनमध्ये फायदा फक्त तापायच्या वेळेचा. खरा फायदा बंद नळीच्या यंत्रात. तिथे तेच मिश्रण 150 अंशांना 10 मिनिटं ठेवता येतं. पाण्याचा दाब सुमारे 4.8 बार होतो. नळी दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, ढवळणी चुंबक सुटा फिरतोय याची खात्री करा. यंत्राचा इन्फ्रारेड सेन्सर नळीच्या बाहेरच्या भिंतीचं तापमान वाचतो. दाट चोथ्यात आतलं आणि बाहेरचं तापमान वेगळं असतं, म्हणून फायबर ऑप्टिक प्रोब असेल तर तोच घाला. 50 अंशांच्या खाली येईपर्यंत नळी उघडायची नाही, यंत्राने परवानगी दिली तरी घाई नको.

गाळणं, धुणं, तोलणं

शिजलेलं मिश्रण चहाच्या पाण्यासारखं काळंतपकिरी दिसतं. मलमलच्या कापडातून किंवा व्हॅक्यूमवर गाळा आणि पीएच पट्टी 7 दाखवेपर्यंत धुवा. हे कंटाळवाणं असतं, पण अल्कली उरली तर पुढचा बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) मोडतो आणि एन्झाइम मरतं. काळं पाणी एका कॅनमध्ये साठवा.

धुतलेला चोथा पूर्ण वाळवू नका. वाळला की तंतूंतली छिद्रं मिटतात आणि एन्झाइमला पुन्हा आत जाता येत नाही. थोडा भाग ओलावा मोजण्यासाठी वाळवा, बाकीचा ओलाच फ्रिजमध्ये. 5 ग्रॅमपैकी किती घन उरलं हा आकडा रिपोर्टमध्ये हवाच. काही निबंधांत तो नसतो आणि मग ‘साखर दुप्पट’ या दाव्याला अर्थ राहत नाही, कारण अर्धा माल आधीच पाण्याबरोबर वाहून गेलेला असतो.

एन्झाइम आणि साखर मोजणं

प्रत्येक नमुन्यातून 1 ग्रॅम कोरड्या घनाइतका ओला चोथा घ्या. 50 मिलिमोलरचा सायट्रेट बफर, पीएच 4.8, एकूण 50 मिलिलिटर होईल इतका. बाजारातलं सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं एन्झाइम) ग्रॅममागे 20 एफपीयू (फिल्टर पेपर युनिट, एन्झाइमच्या ताकदीचं माप), बाटलीवरच्या आकड्यावरून किती मिलिलिटर ते काढा. 50 अंश, शेकरवर 150 फेरे. 0, 2, 6, 24 आणि 48 तासांना 1-1 मिलिलिटर काढून 5 मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा म्हणजे एन्झाइम थांबेल, मग सेंट्रिफ्यूज.

हा टप्पा मायक्रोवेव्हमध्ये करू नका. ट्रायकोडर्मा बुरशीचं सेल्युलेज 50 अंशांच्या आसपास खूश असतं. 70 ला ते लवकर निकामी होतं.

साखर मोजायची डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल) चाचणी नेहमीचीच: नमुना, अभिकर्मक, 5 मिनिटं उकळणं, गार करून 540 नॅनोमीटरवर वाचणं. पिवळा रंग विटकरी होतो. ग्लुकोजचा प्रमाणवक्र मिलिलिटरमागे 0.1 ते 1 मिलिग्रॅममध्ये ठेवा आणि नमुना त्यात बसेल इतका पातळ करा, बहुधा दहापट. दोन कोरे नमुने विसरू नका: एन्झाइमशिवाय चोथा आणि चोथ्याशिवाय एन्झाइम. बाजारातल्या एन्झाइमच्या द्रावणात स्थिरतेसाठी साखर घातलेली असू शकते, आणि काडीतले फिनॉल डीएनएसला फसवतात.

हिशेब असा. समजा 48 तासांनी मिलिलिटरमागे 6 मिलिग्रॅम साखर आली. 50 मिलिलिटरमध्ये 300 मिलिग्रॅम, तीही 1 ग्रॅम शिजलेल्या चोथ्यामागे. सुरुवातीच्या 5 ग्रॅमपैकी 3.5 ग्रॅम उरलं असेल, तर मूळ काडीच्या ग्रॅममागे 210 मिलिग्रॅम. सेल्युलोजचा एक घटक तुटून ग्लुकोज होताना पाण्याचा एक रेणू जोडला जातो, 162 चे 180 होतात, म्हणून 1.11 ने भागा: 189. काडीत 35 टक्के सेल्युलोज धरलं तर 350 पैकी 189, म्हणजे 54 टक्के. पण डीएनएस ग्लुकोज आणि झायलोज वेगळे ओळखत नाही, म्हणून हा आकडा फुगलेला असतो. ‘क्षपणकारी शर्करा’ (रिड्युसिंग शुगर) एवढंच लिहा. ग्लुकोज म्हणायचं असेल तर ग्लुकोज ऑक्सिडेजचं किट वापरा.

इतर कामांना हीच पद्धत कशी लावायची

ट्रिप्सिन या एन्झाइमने प्रथिनं तोडायला एरवी 37 अंशांना रात्रभर ठेवतात. मायक्रोवेव्हमध्ये 50 ते 60 अंशांना अर्ध्या तासाच्या आत काम झाल्याचे अहवाल भरपूर आहेत. करून बघा, पण बाजूला त्याच तापमानाच्या ड्राय ब्लॉकमध्ये (विजेवर तापणारा धातूचा ठोकळा) तोच नमुना ठेवा. ब्लॉकनेही तेच दिलं तर खर्चिक यंत्र त्या कामाला लागणार नाही, आणि हे कळणंही उपयोगाचं. मेद तोडणाऱ्या लायपेज एन्झाइमचं स्थिर केलेलं (घन कणांवर बसवलेलं) रूप, विशेषतः कँडिडा अंटार्क्टिका या यीस्टचं बी प्रकारचं, बरंच तापमान सोसतं, म्हणून एस्टर बनवण्याच्या प्रयोगांत तेच दिसतं.

पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) जोडणीत मायक्रोवेव्हने खरोखर धंदा बदलला. अमिनो आम्ल जोडायला साध्या तापमानाला अर्धा-एक तास लागतो, 75 ते 90 अंशांना काही मिनिटं पुरतात. सिस्टीन आणि हिस्टिडीन मात्र गरम झाल्यावर आरशातल्या प्रतिमेसारख्या उलट रूपात बदलू लागतात, त्यांना 50 अंशांच्या वर नेत नाहीत. प्रथिनाची अमिनो आम्लं मोजण्यासाठी 6 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात 110 अंशांना 24 तास उकळतात. बंद मायक्रोवेव्ह नळीत 150-160 अंशांना अर्ध्या तासाच्या आत होतं. ट्रिप्टोफॅन दोन्हीकडे नष्ट होतं. हे काम घरगुती ओव्हनमध्ये करण्याचा विचारही नको.

द्रावक निवडताना टॅन डेल्टा बघा, म्हणजे तो लहरींची किती चांगली उष्णता करतो ते सांगणारा आकडा. 2.45 गिगाहर्ट्झला इथेनॉल सुमारे 0.94, डायमिथाइल सल्फॉक्साइड 0.83, पाणी 0.12, टोल्युइन 0.04, हेक्झेन 0.02. इथेनॉल झरझर तापतं, हेक्झेन जवळपास तापतच नाही. पाण्यात मीठ किंवा बफर असेल तर ते साध्या पाण्यापेक्षा चटकन तापतं, म्हणून साध्या पाण्यावर ठरवलेली वेळ बफरला लावू नका. बर्फातून लहरी जवळपास आरपार जातात. अर्धा गोठलेला नमुना ठेवला तर वितळलेला भाग उकळतो आणि बर्फ तसाच राहतो.

मोठ्या प्रमाणावर जाताना एकच गोष्ट आडवी येते: लहरी पाण्यात दोन-एक सेंटिमीटरच खोल जातात. 100 मिलिलिटरला जमलेलं दहा लिटरच्या पिंपात तसंच जमणार नाही, तिथे मिश्रण नळीतून वाहतं ठेवावं लागतं.

राहिलं ते कॅनमधलं काळं पाणी. ते सिंकमध्ये ओतू नका. फ्यूम हूडखाली, ढवळत ढवळत, सौम्य सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने घालून पीएच 2 पर्यंत आणा. फेस येतो, म्हणून कॅन नाही, मोठा बीकर. लिग्निन तपकिरी गाळ होऊन खाली बसतं. रात्रभर ठेवून गाळा, गाळ धुऊन वाळवा आणि तोला, कारण मघाशी हरवलेल्या 1.5 ग्रॅमपैकी काही भाग इथे सापडतो. उरलेलं पाणी पीएच 7 ला आणून विभागाच्या टाकाऊ द्रावणाच्या डब्यात, वर तारीख आणि आत काय आहे ते लिहून.